नकलनविसाचा धर्म

एका भांड्यातील पाणी दुसऱ्या भांड्यात ओतले तर पाणी तेच राहते. आकार तेवढा नव्या भांड्याचा येतो. मजकूर आणि त्याचे साधन यांचा संबंधही असाच असावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पोथी जीर्ण झाली, दुसरी उतरवून घेतली. पोथी बदलली, ग्रंथ तोच. परंतु थोडा विचार करता ही समजूत खरी असण्यापेक्षा सोयीची अधिक आहे, असे दिसून येईल. पाणी ओतणाऱ्याच्या हातून फार तर चार थेंब सांडतात, आणि ते सांडलेले डोळ्यांस दिसतात. मजकूर नेणाऱ्याच्या हातून जे सांडते ते बहुधा कोणासच दिसत नाही. आणि कित्येकदा काही न सांडता उलट अधिक मिसळते, तेही दिसत नाही. तेव्हा हे काम पत्करणाऱ्यावर काही नैतिक बंधन आहे काय, आणि असल्यास कोणते, हा प्रश्न उपस्थित होतो. कचेऱ्यांत मूळ दस्तऐवजावरून प्रत उतरविणाऱ्या कारकुनास नकलनवीस म्हणत. त्याचा धर्म कोणता, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न मोठा असला म्हणजे उदाहरण लहान घ्यावे, हे बरे. आम्ही येथे घरगुती संगणकांचे उदाहरण घेतो. आजचे नव्हेत, तर १९८० नंतरच्या दशकात जे आले आणि गेले त्यांचे. इंग्लंडात डिसेंबर १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' निघाला, १९८२ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत 'कमोडोर ६४' आला. आपल्या देशातही ही यंत्रे अगदीच अपरिचित नव्हती. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणकशिक्षणाची 'क्लास' नावाची जी योजना हाती घेतली तीत बीबीसी मायक्रोच वापरला गेला. आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रमची परवान्याने तयार केलेली आवृत्ती भारतात विकावयास काढली. या यंत्रांची स्मृती आज तोकडी वाटेल. स्पेक्ट्रमच्या मोठ्या नमुन्यात ४८ किलोबाइट, बीबीसीत ३२. कार्यक्रम साठवावयाचा तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपाने.

आता गंमत अशी, की ही भावंडे एकाच काळी जन्मून, एकाच 'बेसिक' नावाच्या भाषेत बोलूनही एकमेकांस ओळखत नव्हती. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर 'एक' हा अंक 'शून्या'च्या दुप्पट लांबीच्या ध्वनीने लिहिला जाई. बीबीसीच्या कॅसेटवर तोच 'एक' दुप्पट उंच स्वराने लिहिला जाई. म्हणजे एकाने ऱ्हस्वदीर्घावरून अर्थ करावयाचा, दुसऱ्याने षड्जावरून व तारषड्जावरून. कॅसेट दोघांसही सारखीच बसे, पण एकाचे बोलणे दुसऱ्यास निव्वळ गोंगाट. हा अडथळा ओलांडून अंक जसेच्या तसे पोहोचविले, तरी पुढचा अडथळा उभाच. जागा वाचावी म्हणून ही यंत्रे 'प्रिंट' हा शब्द पाच अक्षरांनी न साठविता एकाच अंकाने साठवीत. स्पेक्ट्रममध्ये तो अंक २४५, बीबीसीत २४१, कमोडोरमध्ये १५३. आणि स्पेक्ट्रममध्ये २४१ या अंकाचा अर्थ 'लेट', म्हणजे 'अमुक हे तमुक मान'. तेव्हा बीबीसीवरचा कार्यक्रम एकही अंक न गाळता स्पेक्ट्रममध्ये उतरविला, तर 'लिहून दाखव' ही आज्ञा 'असे मान' या आज्ञेत बदलते. नकलनविसाने एक रेघही चुकविली नाही. तथापि दस्तऐवज खोटा झाला!

उलट, ओळीच्या शेवटाची खूण पाहावी. बहुतेक घरगुती यंत्रे ओळ संपली हे १३ या अंकाने सांगत. अटारी कंपनीची यंत्रे १५५ ने. युनिक्स पद्धतीची १० ने. डॉस पद्धतीची १३ व १० अशा जोडीने. येथे अंक बदलला नाही तर मजकूर बिघडतो, आणि बदलला तरच तो खरा राहतो. तात्पर्य, 'काही एक बदलू नये' हा नकलनविसाचा धर्म म्हणून जो सर्वांच्या तोंडी असतो, तो नियम पुरेसा नाही. कधी न बदलल्याने विश्वासघात होतो, कधी बदलल्याने.

यावरून निष्ठेचे तीन प्रकार मानावे लागतात. पहिली अक्षरनिष्ठा: जे अंक होते तेच पोहोचविले, त्यांतून काही निष्पन्न होवो वा न होवो. दुसरी अर्थनिष्ठा: वाचणाऱ्यास पूर्वी जे कळत होते तेच नव्या ठिकाणी कळावे. तिसरी उपयोगनिष्ठा: वस्तू पूर्वी जे काम करीत होती ते तिने पुढेही करावे. हल्ली जुन्या यंत्रांचे शौकीन या तिन्हींचा अवलंब करतात. कोणी जुन्या कॅसेटचे ध्वनिरूप अंकशः जपून ठेवतो. कोणी कार्यक्रम वाचून नव्या बोलीत पुन्हा लिहितो. कोणी आजच्या संगणकावर जुन्या यंत्राचे सोंग उभे करतो. आणि जो आजच्या संगणकावर महाजालातून उतरविलेली फाइल खऱ्या जुन्या यंत्रातच घालू पाहतो, तो त्या फाइलीचा पुन्हा आवाज करतो, आणि तो आवाज एका साध्या तारेने स्पेक्ट्रमच्या कानात, म्हणजे 'इअर' नावाच्या छिद्रात, सोडतो. आवाज हळू झाला तर यंत्रास ऐकू येत नाही. मोठा झाला तर फाटतो. नव्याने जुन्याशी बोलावयाचे तर जुन्याच्याच स्वरात आणि जुन्यास सोसेल इतक्याच मोठ्याने बोलावे लागते. हा नियम घरातील वडीलधाऱ्यांनाही लागू पडतो, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

तिन्ही निष्ठा एकाच वेळी पाळता येत नाहीत, ही या कामातील खरी अडचण होय. मग नकलनविसाने कोणती पाळावी? आमच्या मते याचे एकच सार्वत्रिक उत्तर नाही. परंतु कोणती पाळली हे त्याने सांगितलेच पाहिजे. दोष बदल करण्यात नाही, गुपचूप करण्यात आहे. याचे एक बोलके उदाहरण 'एक्समोडेम' या पद्धतीचे आहे. वॉर्ड क्रिस्टेन्सन या अमेरिकन गृहस्थाने १९७७ मध्ये, दोन भिन्न संगणकांनी तारेवरून फाइल द्यावी-घ्यावी म्हणून ही पद्धत बसविली. तीत मजकुराचे १२८ अक्षरांचे तुकडे पाडावयाचे. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा क्रमांक व अक्षरांची बेरीज पाठवावयाची. घेणाऱ्याने बेरीज ताडून 'पोहोचले' किंवा 'पुन्हा पाठवा' असे उत्तर द्यावयाचे. विश्वासाची जबाबदारी देणारा व घेणारा या दोघांवरही आहे, हे यात किती नेटकेपणाने मान्य केले आहे! तथापि दोन उणिवा राहिल्याच. एक अशी, की दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते. म्हणून पुढे अधिक कसोशीची तपासणी योजावी लागली. दुसरी अशी, की शेवटचा तुकडा अपुरा असला तर तो २६ या अंकाने भरून काढीत. घेणाऱ्यास वाटे, फाइल जशीच्या तशी आली. वस्तुतः तिला एक शेपूट फुटलेले असे. बहुधा त्याने काही बिघडत नसे. परंतु 'बहुधा काही बिघडत नाही' या चार शब्दांच्या आधारावरच जगातील पुष्कळसे बनावट पाठ जन्मास आले आहेत.

हे सर्व खेळण्यांपुरते असते तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. बीड जिल्ह्याच्याच इतिहासात हा प्रश्न वारंवार येऊन गेला आहे. अंबाजोगाईस दासोपंतांनी (१५५१-१६१५) आपले 'पंचीकरण' कागदावर न लिहिता सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर लिहिले. हीच ती प्रसिद्ध 'पासोडी'. देहास जीर्ण वस्त्राची उपमा देण्याची आपली परंपरा आहे. पण मजकुराची स्थिती आत्म्याहून बिकट म्हटली पाहिजे. आत्म्यास वस्त्रावाचून राहता येते, असे शास्त्र सांगते. मजकुरास क्षणभरही तशी सवलत नाही. तो कापडावर असेल, कागदावर असेल, कॅसेटवर असेल किंवा कोणाच्या पाठांतरात असेल. कशावरच नसेल तर तो नाहीच. त्या कापडावरील अक्षरे आजच्या माणसास लावता येतात, कारण ती वाचण्यास डोळ्यांखेरीज दुसरे यंत्र लागत नाही, आणि लिपीची परंपरा तुटलेली नाही.

आता दुसरे उदाहरण पाहावे. याच जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदातीरी पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थ आहे. या पंथाने आपले मराठी ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. भाषा मराठीच, परंतु एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह, त्यामुळे पोथी हातात असूनही बाहेरच्यास ती मुकी. ज्यास किल्ली ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने २४१ चे 'लेट' होण्यासारखाच हा प्रकार. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली, आणि मराठीतील सर्वांत जुन्या गद्याचे भांडार सर्वांस खुले झाले. यात पंथास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती पडून भ्रष्ट होऊ नये ही त्यांची बुद्धी होती, आणि त्या गुप्ततेनेच कदाचित पाठ शुद्धही राहिले. शिवाय किल्ली नाहीशी झाली नव्हती; ती गुरुशिष्यपरंपरेने जिवंत होती. कुलूप लावणे हा अपराध नव्हे. किल्ली कोणाच्याच हाती न ठेवता निघून जाणे हा अपराध होय.

यंत्रे करणाऱ्या कारखानदारांस हीच कसोटी लावली पाहिजे. प्रत्येकाने आपल्या यंत्राची बोली निराळी ठेवली ती सर्वस्वी दुष्टपणाने, असे म्हणता येत नाही. एकाने स्वस्ताई साधली, दुसऱ्याने वेग, तिसऱ्याने रंग. पण वेगळेपण राखूनही समेट करता येतो, हे हॉलंडच्या नभोवाणीने दाखवून दिले. तेथील 'एनओएस' संस्थेच्या 'हॉबीस्कूप' या कार्यक्रमातून संगणकांचे कार्यक्रम आवाजाच्या रूपाने आकाशवाणीवर सोडीत. श्रोत्यांनी ते कॅसेटवर उतरवून घ्यावे. यंत्रे नाना तऱ्हेची, म्हणून 'बेसिकोड' नावाची एक समान बोली ठरविण्यात आली. नियम साधा होता. कार्यक्रमाच्या १००० पूर्वीच्या ओळी प्रत्येक यंत्राने आपापल्या खास रीतीसाठी राखाव्या. १००० पासून पुढे मात्र सर्वांस समजेल तेवढेच लिहावे. किंमत द्यावी लागली ती अशी, की प्रत्येकास आपल्या यंत्राची खास ऐट, त्याचे रंग आणि चित्रे, बाजूस ठेवावी लागली. पण एका घरातला कार्यक्रम शेजारच्या घरात चालू लागला. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या वादात आपल्याकडे जो कडवटपणा येतो, त्यावर या हजाराव्या ओळीचा तोडगा विचार करण्याजोगा आहे. घरातले घरात राखावे. उंबऱ्याबाहेर सर्वांस कळेल असे बोलावे. आणि उंबरा कोठे आहे हे दोघांनीही आधी ठरवावे.

मराठी लेखनास तर या समेटाची किंमत रोकडी मोजावी लागली आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत ठरला, १९९१ मध्ये तो मानक म्हणून प्रसिद्ध झाला, युनिकोडातील देवनागरीची मांडणीही त्याच्याच आधारे झाली. परंतु मधल्या काळात छापखान्यांतून व कचेऱ्यांतून जे मराठी संगणकावर लिहिले गेले त्यातील पुष्कळसे निरनिराळ्या विक्रेत्यांच्या स्वतंत्र अक्षरसंचांत आहे. त्यांत 'कि' लिहिताना वेलांटी आधी व 'क' नंतर, कारण डोळ्यांस तसे दिसते. युनिकोडात 'क' आधी व वेलांटी नंतर, कारण उच्चार तसा आहे. रूपांतर करणाऱ्याने हा उलटा क्रम सुलटा केला नाही तर पानेच्या पाने निरर्थक होतात. ती निदान निरर्थक दिसतात, एवढा त्यांचा उपकार! खरा धोका मराठीच्या अर्ध्या 'ऱ्य'चा आहे. हे चिन्ह रूपांतरात हरवून त्या जागी रफार आला, की 'आचाऱ्यांना शिधा दिला' याचे 'आचार्यांना शिधा दिला' असे होते. स्वयंपाकी गेला, गुरुजी आले. वाक्य शुद्ध, अर्थ सुसंगत, आणि कोणास संशयही येत नाही. जी चूक चुकीसारखी दिसत नाही तीच सर्वांत भयंकर, हा नकलनविसाच्या शास्त्रातला पहिला धडा होय.

कोणी म्हणेल, स्वयंपाकी आणि गुरुजी यांच्या अदलाबदलीने कोणाचे घर बुडाले? त्यास आमचे उत्तर असे. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. तेथील जुने दप्तर काही उर्दूत, काही मोडीत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा एका पिढीच्या विस्मरणाचे मोल काय असते हे घरोघर कळून आले. त्या मागणीच्या बऱ्यावाईटाचा निर्णय करणे हे या लेखाचे काम नव्हे. आम्ही इतकेच दाखवू इच्छितो, की ज्यांच्या मुलांचे शिक्षण व नोकरी त्या एका ओळीवर अवलंबून होती, त्या माणसांना स्वतःच्याच आजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. कागद शाबूत, शाई शाबूत, हक्क असला तर तोही शाबूत. हरवला होता तो वाचणारा. अशा वेळी मोडी जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थाचा शब्द हाच पुरावा होऊन बसतो. एवढी सत्ता एका माणसाच्या हाती जाणे हे त्याच्या प्रामाणिकपणावर टाकलेले अवाजवी ओझे आहे, आणि वाचून घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा संकोचही आहे. ज्याचा दस्तऐवज दुसऱ्याने वाचून दाखवावा लागतो, तो साक्षर असूनही त्या क्षणी निरक्षरच होय.

आणि आजच्या दप्तराचे काय? कापडाला चारशे वर्षांचे आयुष्य लाभले, कागदाला शंभराचे. चुंबकीय फितीवर व तबकडीवर ठेवलेल्या मजकुरास तितके आयुष्य मिळेल, असा भरवसा देता येत नाही. फीत टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकावे लागते, आणि यंत्र टिकले तरी त्याचा संकेत जाणणारा मनुष्य टिकावा लागतो. जुन्या स्पेक्ट्रमच्या कानात तार खुपसून बसलेल्या शौकिनाकडे आपण कौतुकमिश्रित हसतो. पण जो गुण उद्याच्या दप्तरदारास लागणार आहे तोच तो आज खेळण्यावर गिरवीत आहे. पहिलवानही आधी मातीतच लोळतो.

दोन आक्षेपांचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पहिला आक्षेप कायद्याचा. दुसऱ्याच्या मालकीचा कार्यक्रम उतरवून घेणे ही चोरी नव्हे काय? सरसकट 'नाही' असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने, कायदेशीर रीतीने हाती आलेल्या कार्यक्रमाची नाश वा बिघाड यांपासून संरक्षण म्हणून प्रत करून ठेवण्यास मुभा दिली आहे. पण ती मर्यादित आहे, आणि महाजालावर पसरलेल्या प्रत्येक फाइलीस तिचे पांघरूण घालता येणार नाही. सुज्ञ मालक स्वतःच मार्ग काढतो. स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये अॅमस्ट्रॅड कंपनीकडे गेले. तिने १९९९ मध्ये आपला मालकीहक्क राखून, यंत्राचे सोंग करणाऱ्या कार्यक्रमांबरोबर त्याचा मूळ संकेत वाटण्यास परवानगी दिली. मालकी न सोडता किल्ली देता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय. जो विकतही नाही, दुरुस्तही करीत नाही आणि दुसऱ्यास जपूही देत नाही, त्याचा हक्क कायद्याने अबाधित असेल. नीतीने तो दुबळा झालेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सगळेच जपावयाचे कशाला? विस्मृती ही निसर्गाची देणगी नव्हे काय? अडगळ टाकल्यावाचून घरात हवा खेळत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु विसरणे आणि विसरावयास लागणे यांत मोठे अंतर आहे. काय टाकावे हे माणसाने वाचून, तोलून ठरविले तर तो विवेक. यंत्र बंद पडले म्हणून, विक्रेत्याने संकेत बदलला म्हणून किंवा वाचणारा मेला म्हणून जे गेले, तो निव्वळ अपघात. अपघाताला निसर्गाचे भारदस्त नाव देऊन आपला आळस झाकणे योग्य नव्हे.

मग नकलनविसाचा धर्म थोडक्यात असा ठरतो. कोणती निष्ठा पाळली हे त्याने नकलेवर लिहावे. जेथे बदलले तेथे बदलले असे म्हणावे. जे लागले नाही ते लागले नाही असे लिहावे, ओळखीच्या शब्दाने भरून काढू नये. नक्कल झाली म्हणून मूळ फेकू नये, कारण आपल्याहून चांगला वाचणारा पुढे यावयाचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, ठेवीशेजारी किल्ली ठेवावी, तीही पुढच्या माणसास वाचता येईल अशा साध्या अक्षरांत, कागदावर. घरातल्या कपाटात ज्यांच्या तबकड्या व कॅसेटी पडून आहेत, ज्यांच्या लेखांच्या फाइली जुन्या अक्षरसंचांत अडकल्या आहेत, ज्यांच्या माडीवर मोडीतल्या कागदांचे रुमाल आहेत, त्या प्रत्येकास हे काम आपल्या ऐपतीप्रमाणे करता येण्याजोगे आहे. जाणणारी माणसे अद्याप हयात आहेत. त्यांच्याजवळ बसून वाचून घ्यावे, आणि वाचावयास शिकूनही घ्यावे. कारण पहिल्याने एक दस्तऐवज वाचतो, दुसऱ्याने परंपरा.